बार्सेलोना तुमची वाट पाहत नाहीये

परदेशी शिकायला निघालेल्या माणसाकडे दोन याद्या असतात. एक बॅगेची: कुकर, गोडा मसाला, पासपोर्टच्या झेरॉक्स. दुसरी मनातली. स्पेनला जाणाऱ्यांची ही दुसरी यादी मी गेल्या चार-पाच वर्षांत इतक्यांदा ऐकली आहे की समोरच्याने तोंड उघडायच्या आत ती म्हणून दाखवू शकतो. मी पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. आमच्याकडे दरवर्षी दोन-चार जण राजीनामा टाकून मास्टर्सला जातात आणि अमेरिका, जर्मनीच्या जोडीला आता स्पेनचंही नाव निघायला लागलंय. कोणाचं बार्सेलोना, कोणाचं माद्रिद, कोणाचं वालेन्सिया. यादी मात्र सगळ्यांची एकच.

वर्षभरात फाडफाड स्पॅनिश येईल. लोक आपल्यासारखेच मोकळेढाकळे, कुटुंब मानणारे. पटकन मित्र मिळतील. जर्मनीपेक्षा ऊन जास्त मिळेल आणि पैसे कमी लागतील. दुपारी झोप, रात्री तापास, शनिवार-रविवार समुद्र. आणि या सगळ्यातून शेवटी ‘स्वतःचा शोध’ लागेल.

यादी स्वप्नाळू आहे, याबद्दल माझी काही तक्रार नाही. पंचविशीत, डोक्यावर शैक्षणिक कर्ज घेऊन निघालेल्या माणसाने स्वप्नं नाही पाहायची तर कोणी पाहायची? माझी तक्रार यादीच्या व्याकरणाबद्दल आहे. भाषा येईल, मित्र मिळतील, घर मिळेल, शोध लागेल. एकाही वाक्यात ‘मी’ कर्ता नाही. सगळं त्या देशाने करायचं आणि आपण घ्यायचं, जणू फी भरली की देश सबस्क्रिप्शनवर मिळतो. त्या देशात आधीपासून माणसं राहतात, त्यांची आपापसांत जुनी भांडणं आहेत, त्यांनाही घरभाडं भरताना घाम फुटतो आणि आपण त्या सगळ्याच्या मधोमध जाऊन उभे राहणार आहोत, ही गोष्ट यादीत कुठेच नसते. इतर कोणाला हे सुचलं नाही तर मी समजू शकतो. मराठी माणसाला सुचत नाही, हे मात्र पटत नाही. कारण यातलं सगळ्यात मोठं भांडण त्याने स्वतःच्या घरात पाहिलेलं आहे.

कोणती स्पॅनिश?

आपण सहज म्हणतो, स्पेनमध्ये स्पॅनिश बोलतात. स्पेनची राज्यघटना इतक्या सहज बोलत नाही. १९७८च्या या घटनेतलं तिसरं कलम भाषेचं आहे. त्यात राज्याच्या अधिकृत भाषेचं नाव ‘कास्तेयानो’ असं दिलंय, म्हणजे कास्तील या भागाची भाषा. आपण जिला स्पॅनिश म्हणतो ती हीच. ती येणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य आणि वापरणं हा त्याचा हक्क. पण त्याच कलमात पुढे देशातल्या बाकीच्या भाषाही आपापल्या स्वायत्त प्रांतांत अधिकृत ठरवल्या आहेत, आणि घटना त्यांनाही ‘स्पॅनिश भाषा’च म्हणते. कातालान, बास्क, गालिसियन या त्यातल्या ठळक. म्हणजे घटनेच्या हिशेबाने कातालानसुद्धा स्पॅनिशच.

बार्सेलोना ही कातालोनियाची राजधानी, आणि कातालान ही काही स्पॅनिशची बोली नव्हे. दोघी लॅटिनच्या लेकी, पण वेगळ्या वाढलेल्या. रामोन ल्युल नावाच्या लेखकाने तेराव्या शतकात, युरोपातले पंडित लॅटिन सोडायला तयार नव्हते तेव्हा, कातालानमध्ये तत्त्वज्ञान लिहिलं. आपली ज्ञानेश्वरी १२९०ची. दोघं एकाच काळातले. पंडितांची भाषा बाजूला ठेवून लोकांच्या भाषेत लिहिणं म्हणजे काय, हे ज्याला शाळेपासून शिकवलं गेलंय, त्याला ल्युलचं मोल समजावून सांगावं लागू नये.

१९३९ साली यादवी युद्ध जिंकून फ्रान्को सत्तेवर आला आणि १९७५मध्ये मरेपर्यंत राहिला. त्याच्या राजवटीत कातालान शाळांमधून आणि सरकारी कचेऱ्यांमधून हद्दपार झाली. मुलांची नावंसुद्धा कास्तेयानोतच नोंदवावी लागत. आज साठी-सत्तरीत असलेली बार्सेलोनाची माणसं घरी एक भाषा बोलत आणि शाळेत दुसरीच भाषा शिकत मोठी झाली. लोकशाही आल्यावर १९८३च्या कायद्याने कातालानला शाळेत परत आणलं. तेही भांडण मिटलेलं नाही. निदान २५ टक्के शिक्षण कास्तेयानोत द्या, असा निकाल कातालोनियाच्या उच्च न्यायालयाने २०२०मध्ये दिला, पुढच्या वर्षी तो सर्वोच्च न्यायालयात कायम झाला, आणि त्यावरून रस्त्यावर मोर्चे निघाले.

आता या शहरात पुण्याहून बी-वन पातळी पास झालेला आपला मुलगा उतरतो. त्याने घेतलेल्या एका विषयाचा तास कातालानमध्ये निघतो. विषयाच्या माहितीपत्रकात तासाची भाषा लिहिलेली असते, पण ते उघडायला वेळ कोणाला होता? मग फोन येतो. ‘अरे, सगळ्यांना स्पॅनिश येतं रे! तरी मुद्दाम कातालानमध्ये बोलतात. आपण बाहेरचे आहोत, हे दिसत नाही का त्यांना?’

हे वाक्य ओळखीचं वाटतंय ना? यात ‘कातालान’च्या जागी ‘मराठी’ घाला आणि ‘स्पॅनिश’च्या जागी ‘हिंदी’. सगळ्यांना हिंदी येतं, तरी मुद्दाम मराठीत का बोलता? हे वाक्य आपण बँकेत ऐकलंय, सोसायटीच्या मीटिंगमध्ये ऐकलंय, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये ऐकलंय, आणि दर वेळी आपलं रक्त उसळलंय. २०२५च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने पहिलीपासून हिंदी आणण्याचा निर्णय काढला आणि जूनच्या शेवटी तो मागे घ्यावा लागला. त्या अडीच महिन्यांत ज्यांनी दिवसाला चार स्टेटस टाकली, त्यांतलेच काही जण आज बार्सेलोनात बसून विचारतात, ही माणसं हट्टीपणा का करतात?

दोन्ही प्रश्न तंतोतंत सारखे नाहीत, हे मान्य. १९५० आणि ६०च्या दशकांत आंदालुसिया, मुर्सिया अशा गरीब भागांतून लाखो कामगार बार्सेलोनाच्या गिरण्या-कारखान्यांत आले. त्यांच्या मुलानातवंडांची घरातली भाषा कास्तेयानो आहे, आणि तीही त्याच शहराची पोरं आहेत. गिरणगाव ज्याला माहीत आहे त्याला हा गुंता नवा नाही. पण गुंता आहे हे कळणं वेगळं आणि ‘मला सोयीची भाषा बोला’ असं म्हणणं वेगळं. मुंबईत आपण यजमान म्हणून जी अपेक्षा ठेवतो, तीच पाहुणा झाल्यावर आपल्याला जाचक वाटत असेल, तर आपलं भाषाप्रेम हे भाषाप्रेम नव्हतंच. ती फक्त आपली सोय होती.

भाषा अंगाला चिकटत नाही

यादीतली पहिली ओळ आठवा. वर्षभरात फाडफाड स्पॅनिश येईल. का? तर म्हणे ‘इमर्शन’. परदेशी शिक्षणाच्या प्रत्येक एजंटच्या माहितीपत्रकात हा शब्द असतो. पाण्यात टाकलं की पोहता येतं, तसं देशात टाकलं की भाषा येते.

या शब्दाचा खरा इतिहास पाहा. १९६५मध्ये कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात, माँट्रियालजवळच्या सेंट लॅम्बर्ट या गावी इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी आपल्या मुलांना बालवाडीपासून फ्रेंचमधून शिकवण्याचा वर्ग सुरू करून घेतला. क्यूबेक फ्रेंच बोलणारा प्रांत. तिथे राहायचं तर मुलांना फ्रेंच आलं पाहिजे, एवढा साधा विचार. त्या वर्गाला इमर्शन म्हणतात. पुढे कातालोनियाने तेच सूत्र वापरलं. तिथली सुरुवात कुठून झाली, हे तर फारच बोलकं आहे. बार्सेलोनाला खेटून असलेल्या सांता कोलोमा दे ग्रामानेत या कामगारवस्तीत कास्तेयानो बोलणाऱ्या, बाहेरून आलेल्या आईबापांनीच मागणी केली की आमच्या मुलांना कातालानमधून शिकवा. ज्या शहरात राहायचं त्याची भाषा आपल्या पोरांना यावी, ही त्यांची स्वतःची इच्छा होती. इमर्शन म्हणजे हे. ठरवून केलेली शाळा, तयार केलेले शिक्षक, रोजचे तास, अनेक वर्षं. विमानातून उतरून हवा खाणं याला कोणीही इमर्शन म्हटलेलं नाही.

आपला विद्यार्थी तिथे काय करतो? इथून जाणाऱ्यांपैकी बरेच जण बिझनेस स्कूलमध्ये किंवा डेटा सायन्ससारख्या अभ्यासक्रमांना जातात आणि ते इंग्रजीतून चालतात. फ्लॅटमध्ये आणखी दोन भारतीय. कामाच्या मीटिंग इंग्रजीत. घरी व्हिडिओ कॉल मराठीत, रात्री सिरीज इंग्रजीत. उरलं काय? कॉफी मागणं, दुकानात दाम विचारणं, मेट्रोत ‘माफ करा’ म्हणणं. दिवसाला वीस मिनिटं धरली तरी ३०० दिवसांत होतात १०० तास. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवतं. इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी सर्वांत सोप्या भाषांच्या गटात ते स्पॅनिशला ठेवतं, आणि तरीही कामापुरती पक्की भाषा यायला त्यांचा हिशेब आहे २४ ते ३० आठवडे, म्हणजे ६०० ते ७५० तास. तेही वर्गात बसून, शिक्षकासमोर, वर घरचा अभ्यास वेगळा. आपण आयुष्यभर लॉजिक लिहून पोट भरतो. १०० आणि ६०० यांतला फरक आपल्याला दिसू नये?

आणि यातली सर्वांत चीड आणणारी गोष्ट वेगळीच आहे. मराठी माणसाकडे स्पॅनिश शिकायचं अर्धं सामान आधीच असतं आणि तो ते घरी ठेवून जातो. मी पाहिलेले स्पॅनिशचे बहुतेक वर्ग, पुस्तकं, ॲप्स इंग्रजीतून शिकवतात. त्यात ‘मे गुस्ता एल काफे’ या वाक्यावर एक अख्खा धडा असतो, कारण इंग्रजी डोक्याला ते उलटं वाटतं. मराठीत ते सरळ आहे: मला कॉफी आवडते. पुस्तकं अनेक झाली की ‘मे गुस्तान लोस लिब्रोस’. मला पुस्तकं आवडतात. तिथेही क्रियापद आवडणाऱ्या माणसाच्या मागे न जाता आवडलेल्या वस्तूच्या मागे जातं, आणि इथेही. ‘इबा’ आणि ‘फुई’ यांतला फरक इंग्रजी शिकणाऱ्याला महिनोन्महिने छळतो. आपल्याकडे तो ‘जायचो’ आणि ‘गेलो’ असा आजीच्या तोंडी असतो. ‘तू’ आणि ‘उस्तेद’ म्हणजे तू आणि तुम्ही. कर्ता गाळून नुसतं ‘बोलतो’ म्हटलं तरी कोण ते कळतं. स्पॅनिशमध्येही ‘आब्लो’ पुरतं.

उच्चार तर फुकटात मिळालेले आहेत. स्पॅनिशचे त आणि द आपल्यासारखेच दातांना जीभ लावून येतात. इंग्रजीसारखे टाळूकडे जात नाहीत. तरी आपला मुलगा ‘टापास’ म्हणतो, ‘टोमाटिना’ म्हणतो. तोंडात त आयता असताना ट काढतो. त्याच्या मनात स्पेन ही इंग्रजीच्या पलीकडची जागा आहे, तिकडे जायचा दरवाजा इंग्रजीतच आहे, असं कोणीतरी पक्कं बसवून दिलंय. स्पॅनिश-मराठी शब्दकोश, मराठीतून शिकवणारं व्याकरण, मराठीत लिहिलेलं एखादं बरं ॲप यांची मागणी कोणी करत नाही. एवढे सॉफ्टवेअरवाले असलेल्या समाजात कोणाला बनवावंसंही वाटत नाही.

मोकळी माणसं

दुसरी ओळ: लोक आपल्यासारखेच, पटकन मित्र मिळतील. या ओळीचा मोठा पुरवठादार २०११चा ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’. त्या सिनेमाशी माझं भांडण नाही. मलाही तो आवडतो. पण त्यातल्या तिघांना स्पेनमध्ये एकदाही घरमालक भेटत नाही. कातालोनियाच्या किनाऱ्यावर डायव्हिंग करताना कातालानचा एक शब्द कानावर पडत नाही. पाम्प्लोनात बैलांपुढे धावताना या शहराचं इरुन्या असं बास्क नावही आहे, हे कळत नाही. बुन्योल हे जेमतेम दहा हजार वस्तीचं गाव. तिथली टोमॅटोची मारामारी गर्दीखाली इतकी चेंगरली की २०१३पासून २०,००० माणसांची मर्यादा घालून तिकिटं लावावी लागली. पाहुण्यांच्या अपेक्षांनी गावाच्या सणाचं काय होतं, ते यात दिसतं.

माणसं खरोखरच मोकळी आहेत. बारमध्ये शेजारचा अनोळखी माणूस गप्पा मारेल, दुकानदार बाई तुम्हाला ‘बाळा’ म्हणावं तसं काहीतरी म्हणेल. पण गप्पा मारणं आणि मैत्री होणं यांत अंतर आहे. तिथे शाळेपासूनचा कंपू आयुष्यभर टिकतो. बास्क भागात त्याला ‘कुआद्रिया’ म्हणतात. तीच माणसं, तेच बार, ठरलेल्या फेऱ्या. आता आपल्याकडे या. तुमच्या शाळेच्या कट्ट्यावर, गेली पंधरा वर्षं तीच सहा माणसं जिथे बसतात तिथे, दहा महिन्यांसाठी आलेला, तोडकं मराठी बोलणारा एक स्पॅनिश मुलगा तुम्ही किती वेळा बोलावला असता? एकदा, त्याला मिसळ खायला घालायला. दुसऱ्यांदा कदाचित. तिसऱ्यांदा तुम्हाला आपापसांत बोलायचं असतं. कुटुंब आणि जुने मित्र यांना धरून राहणारा समाज बाहेरच्याला सहज आत घेत नाही. ‘ते आपल्यासारखेच आहेत’ हे खरं असेल, तर त्याचा अर्थ हाही होतो.

बाकी ओळींबद्दल थोडक्यात. दुपारची झोप शहरातल्या नोकरदाराला कुठली मिळायला? रात्री दहाला जेवण्यामागे निवांतपणा जितका आहे तितकंच घड्याळ आहे. भूगोलाने स्पेन लंडनच्या रांगेत, पण १९४०मध्ये फ्रान्कोच्या सरकारने घड्याळ एक तास पुढे केलं आणि ते आजही बर्लिनबरोबर चालतं. सूर्याच्या हिशेबाने ती माणसं आपल्याला वाटतं तितकी उशिरा जेवत नाहीत. शाकाहाऱ्यांसाठी धडा असा की ‘व्हेजिटल’ नावाच्या सँडविचमध्ये ट्यूना मासा असू शकतो आणि त्यात कोणी तुम्हाला फसवलेलं नसतं. शब्दाचा अर्थ तिथे तिथला असतो.

खोली कोणाची?

आता खर्चाची ओळ. विद्यार्थी व्हिसासाठी स्पेन दरमहा ६०० युरो या सरकारी मापाप्रमाणे पैसे दाखवायला सांगतं. बार्सेलोनात नुसत्या एका खोलीचं भाडंच यातला बराचसा भाग खाऊन टाकतं. तिथे पोचून ३० दिवसांत परदेशी नागरिकाच्या कार्डासाठी अर्ज करायचा, त्यासाठी ऑनलाइन अपॉइंटमेंट मिळवायची, आणि ती मिळवणं म्हणजे तत्काळ तिकीट काढण्यासारखं. हे सगळं शिकता येतं. शिकायला अवघड जाते ती वेगळी गोष्ट.

२०२४च्या जुलैमध्ये बार्सेलोनात हजारो लोकांनी पर्यटनाविरुद्ध मोर्चा काढला आणि काहींनी हॉटेलांबाहेर बसलेल्या पर्यटकांवर पिचकाऱ्यांनी पाणी उडवलं. जगभर त्याचे व्हिडिओ फिरले. आपल्या ग्रुपवर प्रतिक्रिया आली, ‘किती असंस्कृत लोक, पर्यटनावरच तर जगतात.’ मोर्चाचं कारण पाण्याच्या पिचकारीपेक्षा कंटाळवाणं होतं: भाडं. घरं पर्यटकांना रात्रीच्या भावाने दिली जातात आणि तिथे जन्मलेल्या पोरांना तिशीतही घर सोडून स्वतंत्र राहणं परवडत नाही. २०२८पर्यंत पर्यटकांसाठीच्या सुमारे १०,००० फ्लॅट्सचे परवाने संपवायचे, असं महापौरांनी त्याच वर्षी जाहीर केलं होतं. त्याच वर्षी कातालोनियात भाड्यावर मर्यादा आली, आणि अनेक मालक काही महिन्यांच्या ‘हंगामी’ करारांकडे वळले, कारण तिथे मर्यादेतून वाट निघत होती.

या हंगामी कराराचं हक्काचं गिऱ्हाईक कोण? दहा महिन्यांसाठी आलेला विद्यार्थी. म्हणजे आपण. आपण पर्यटक नसतो, हे आपलं समाधान. शेजारच्या जिन्यावरच्या म्हातारीच्या दृष्टीने आपण दर सप्टेंबरला बदलणारा, ट्रॉली बॅग खडखडवत येणारा चेहरा असतो, आणि तिच्या नातवाला न परवडलेल्या खोलीत राहतो. यात आपला दोष नाही. घर तर लागणारच. पण आपण त्या शहराच्या प्रश्नाचा भाग झालो आहोत, एवढं माहीत असणाऱ्याचं वागणं वेगळं असतं. तो रात्री बाराला बाल्कनीत स्पीकर लावत नाही. तो जिन्यात भेटलेल्या म्हातारीला तिच्या भाषेत ‘बोन दिआ’ म्हणतो.

नकाशा एवढाच?

यादीत नेहमी स्पेनच का असतो, हाही प्रश्न विचारायला हवा. स्पॅनिश मातृभाषा असलेल्या माणसांपैकी साधारण दहातला एक स्पेनमध्ये राहतो. एकटा मेक्सिको लोकसंख्येने जवळजवळ महाराष्ट्राएवढा. मेक्सिको सिटीच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठात परदेशी लोकांना स्पॅनिश शिकवण्याचं काम १९२१पासून चालू आहे. लिमाच्या सान मार्कोस विद्यापीठाची सनद १५५१ची. पण मेक्सिको म्हटलं की घरचे अमली पदार्थांची सिरीज आठवून दचकतात, पेरू म्हटलं की फळ आठवतं. आपल्याला ‘स्पॅनिश संस्कृती’ हवी असते, पण युरोपचा शिक्का मारलेली.

तिकडे गेलं तर आणखी एक पडदा उघडतो. पाराग्वायमध्ये ग्वारानी ही स्पॅनिशच्या बरोबरीने अधिकृत भाषा आहे आणि बहुसंख्य लोक ती बोलतात. बोलिव्हियाच्या २००९च्या घटनेने ३६ मूळनिवासी भाषांना अधिकृत दर्जा दिला. स्पॅनिश तिथे तलवारीबरोबर पोचली. त्या जगातल्या वस्तू आपल्या घरात कधीच्या आहेत: मिरची, टोमॅटो, पेरू, बटाटा. यांतला ‘बटाटा’ हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, पोर्तुगिजांच्या तोंडून आपल्याकडे आलेला. उपासाची बटाट्याची भाजी खाताना आपण ज्या लोकांचा शब्द बोलतो, त्यांचा देश यादीत बसत नाही.

मग जायचं नाही का?

इथे एक आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. एका वर्षाच्या कोर्ससाठी, कर्ज काढून, असाइनमेंट आणि नोकरीचा शोध सांभाळून माणसाने स्पॅनिश शिकायची, वर कातालान शिकायची, इतिहास वाचायचा, म्हातारीला नमस्कार करायचा? मार्क कोण देणार?

कातालानमध्ये प्रबंध लिहा, असं कोणी म्हणत नाहीये. तिथलं सरकारच्या पाठिंब्याने चालणारं ‘पार्ला’ हे ऑनलाइन साधन कातालानसाठी फुकट उपलब्ध आहे; पुण्यातल्या बसमध्ये बसून सुरू करता येतं. तिथे पोचल्यावर ‘भाषेसाठी स्वयंसेवक’ अशी योजना आहे: कातालान बोलणारा एक आणि शिकणारा एक अशी जोडी लावतात, आणि दोघांनी किमान दहा तास गप्पा मारायच्या. दहा तास! आपण एका वीकएंडला एवढ्या रील्स पाहतो. माद्रिदला जाणाऱ्याला यातलं काही लागणार नाही. त्याला स्पॅनिशचेच तास वाढवता येतील. एकूण मागणी एवढीच आहे की यादीतल्या वाक्यांना कर्ता द्या.

आणि मित्रांचंच म्हणाल, तर बार्सेलोनात एक रस्ता आहे जो मराठी माणसाला नकाशाशिवाय सापडायला हवा. कातालोनियात ‘कास्तेल’ म्हणजे माणसांचे मनोरे रचतात. युनेस्कोने २०१०मध्ये त्यांना मानवतेच्या अमूर्त वारशात जागा दिली. दहीहंडीचे थर पाहिलेल्याला बाकी वर्णन नको. वस्त्यावस्त्यांत त्यांची मंडळं आहेत, आठवड्याला सराव असतो, आणि सगळ्यात वर एक लहान मूल चढून हात उंचावतं. पण मनोरा उभा राहतो तो तळाच्या गर्दीवर. त्या गर्दीला ‘पिन्या’ म्हणतात. तिथे शेकडो खांदे लागतात, म्हणून नवख्यालाही घेतात. तुम्ही कुठून आलात, तुमची पातळी बी-वन की बी-टू, हे कोणी विचारत नाही. हात कुठे ठेवायचे ते दाखवतात, आणि सूचना कातालानमध्ये देतात. चार सरावांनंतर त्या सूचना कळायला लागतात, कारण न कळून चालत नाही. वर कोणाचं तरी मूल उभं असतं.

जायलाच हवं. मराठी मुलामुलींनी स्पेनला जावं, मेक्सिकोला जावं, कोलंबियाला जावं, खूप जावं. आपल्या भाषेत या जगाबद्दल इंग्रजीच्या चष्म्याशिवाय लिहिणारी माणसं मोजकी आहेत, ती वाढायला हवीत. फक्त निघण्याआधी ती मनातली यादी एकदा कागदावर काढा आणि प्रत्येक ओळीतलं क्रियापद बदला. भाषा येईल, याऐवजी: मी रोज दोन तास शिकेन. मित्र मिळतील, याऐवजी: मी त्यांच्या कुठल्या तरी कामात दर आठवड्याला जाईन. घर मिळेल, याऐवजी: मी करार वाचेन, आणि त्या घरात आधी कोण राहायचं ते विचारेन. ‘स्वतःचा शोध’ ही ओळ खोडून टाका. तिच्या जागी त्या शहराबद्दलचा एक खरा प्रश्न लिहा, ज्याचं उत्तर तुम्हाला आज माहीत नाही.

असा प्रश्नच सुचत नसेल, तर अजून सहा महिने थांबायला हरकत नाही. तोवर त चा उच्चार नीट करा.